अर्धा स्पंज

टाकीत मासा नव्हता, तरी तिला रोज खाऊ घालावे लागत असे. वडील सकाळी गोठ्यामागच्या दुधाच्या खोलीत जात, लहानशा बाटलीतून अमोनियाचे मोजके थेंब पाण्यावर सोडत, आणि मग उलट्या बादलीवर बसून त्या रिकाम्या, उजळलेल्या पाण्याकडे पाहत राहत. बाहेर मिला मिला गावाच्या पठारावरचे धुके कुरणांवरून सावकाश सरकत असे. गाई विकून टाकल्यापासून त्या खोलीत पांढऱ्या भिंती, गरम पाण्याची नळी आणि दुधाचा पुसट वास एवढेच उरले होते.

शेजारचा नेव्ह एकदा कुंपणाच्या तारा मागायला आला आणि टाकीला नाक लावून उभा राहिला. "क्लेम, तुझे मासे भलतेच लाजाळू आहेत रे."

"तुझ्यापेक्षा शहाणे आहेत," वडील म्हणाले. "न बोलता खातात."

खात मात्र खरोखरच कोणीतरी होते. मासा जगतो म्हणजेच पाण्यात विष सोडतो. त्याच्या कल्ल्यांतून निघालेला अमोनिया शेवटी त्याचाच जीव घेतो. ओढ्यात ते विष खाणारे सूक्ष्म जीव दगडादगडाच्या पाठीवर वस्ती करून असतात. नव्या काचेत कोणीच नसते. त्यांना आधी घर द्यावे लागते, फिल्टरमधला स्पंज आणि भाजक्या मातीची सच्छिद्र नळकांडी, आणि मासा येण्यापूर्वीच माशाच्या विषाचे घास भरवून वाढवावे लागते. एक कुळ अमोनिया खाते आणि मागे दुसरे विष ठेवते. ते दुसरे विष खाणारे कुळ मागाहून, आपल्या सवडीने येते. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. परीक्षानळीतल्या पाण्याचा रंग तेवढा बदलतो: अमोनिया असला तर हिरवा, नसला तर पिवळा.

हा सारा खटाटोप ग्लेनिसच्या माशांसाठी होता. रेव्हन्सहोच्या टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या ग्लेनिसने फार पूर्वी आमच्याच जमिनीतून वाहणाऱ्या टार्बेट ओढ्यातले इंद्रधनुषी मासे पकडून आपल्या टाक्यांत वाढवले होते. पुढे कुणीतरी सखल भागातले मासे ओढ्यात सोडले, दोन्ही जाती एकमेकींत मिसळल्या, आणि मूळचा मासा ओढ्यातून पुसला गेला. तो आता फक्त ग्लेनिसपाशी होता. आता तिचे गुडघे थकले होते. ती टाउन्सव्हिलला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती आणि तिथे बशीभर पाणी ठेवायलाही जागा नव्हती. तिने एकेक टाकी वाटून टाकली, पण हे मासे ज्यांच्या ओढ्याचे त्यांच्याकडेच जावेत असा तिचा हट्ट होता. फिल्टर मात्र क्लेमने स्वतः, शून्यातून वाढवायचा, असेही तिने बजावले होते. उसना मिळाला तर त्याची कदर राहणार नाही, असे तिचे म्हणणे.

एका सकाळी नळी पिवळीच राहिली. मग दुसऱ्या विषाचीही खूण उरली नाही. आदल्या दिवशीचे थेंब नाहीसे झाले होते, तळाशी राख नव्हती की गाळ नव्हता. मी ती नळी खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. उगवत्या जगाला रंग असावा तर तो असाच असावा, असे मला वाटून गेले. वडिलांनी फक्त ग्लेनिसला फोन केला. गुरुवारी येते, ती म्हणाली.

बुधवारी मी बाजारातून परतले तेव्हा दुधाच्या खोलीत वाफ कोंडली होती. टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून वडिलांनी फिल्टरचे सारे भाग ओळीने मांडले होते. नळकांडी दातांसारखी पांढरी झाली होती, स्पंज नवा दिसत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: त्यांनी ते सारे कढत पाण्याने धुतले होते. या माणसाने उभा जन्म दुधातल्या जंतूंशी लढण्यात घालवला होता. दुधात जंतू जास्त निघाले की डेअरीकडून भाव पडे. तपासनीस येणार असला की हा माणूस रबरी नळ्यांच्या आतल्या कडासुद्धा उकळत्या पाण्याने खरवडून काढी. उद्या पाहुणी येणार होती, आणि स्पंज तर चिखलाने तपकिरी झाला होता.

"डॅड, तो चिखल नव्हता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग टेबलाकडे. त्यांना सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते केवळ त्यांच्या हातांना. त्यांनी टाकीत थेंब टाकले आणि बादलीवर बसून राहिले. संध्याकाळी नळी गर्द हिरवी झाली.

फोन त्यांनी स्वतःच केला. पाणी किती गरम होते, एवढेच ग्लेनिसने विचारले. हात लावता येणार नाही इतके, त्यांनी सांगितले. मग ती जे म्हणाली ते मलाही ऐकू आले: "तुझ्या घरी मला आंघोळीची भीती वाटायला लागलीय, क्लेम. येते मी. थांब."

गुरुवारी ती आली ती झाकणाची पेटी मांडीवर घेऊन. गाडी तिचा जावई चालवत होता. पेटीत मासे होते, बॅटरीवरचा पंप बुडबुडे सोडत होता, आणि त्या बुडबुड्यांखाली मुठीएवढा काळपट स्पंज. बाकीचे सारे तिने वाटून टाकले होते. या एका स्पंजावर तिचे मासे जगत होते. रविवारी तिला निघायचेच होते. तोवर आमचे पाणी तयार झाले नाही तर मासे ओढ्यात सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ओढ्यात त्यांची पिल्ले त्यांची राहणार नव्हती.

तिने वडिलांना रागावून काही म्हटले नाही. स्वयंपाकघरातली पाव कापायची सुरी मागितली, स्पंज माशांच्याच पाण्यात धरला आणि मधोमध कापला. अर्धा परत माशांपाशी ठेवला. दुसरा अर्धा वडिलांच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "आधी पीळ. मग आत ठेव."

वडिलांनी हात टाकीवर धरला. खाली पाणी नितळ होते. मग त्यांनी मूठ आवळली. बोटांमधून तपकिरी ढग सुटला, काचेच्या आत उमलत, वळत, खाली उतरत गेला, आणि घटकाभर टाकी पार दिसेनाशी झाली. रात्रीच्या दुधात विरजण सोडून झाकण ठेवावे, तसा त्यांनी स्पंज फिल्टरमध्ये ठेवून हलकेच झाकण लावले.

"अगं, इतकी घाण," ते पुटपुटले.

"सगळं गावच आहे ते," ग्लेनिस म्हणाली. "आता त्यांना थोडंच वाढ. अर्धंच गाव आहे."

ती आमच्याकडेच राहिली. माशांचे खाणे तिने जवळजवळ बंद केले, म्हणजे पेटीतल्या अर्ध्या स्पंजावर भार पडणार नाही. तीही दोन घास खाऊनच उठत असे. टाकीतले ढग विरले. शुक्रवारी नळी हिरवी होती. शनिवारी सकाळी ती हिरवीच होती, पण फिकट, नव्या गवताच्या टोकासारखी, आणि वडिलांनी ती पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून पाहिली. ग्लेनिसने विचारले, तुला काय वाटते? मला काही वाटून घ्यायचा अधिकार नाही, ते म्हणाले.

रविवारी नळीतले पाणी पिवळे होते. दुसऱ्या विषाची नळी निळसर, आकाशाच्या रंगाची राहिली, म्हणजे तेही उरले नव्हते. न डोळे, न तोंड, न नाव असलेल्या त्या जमावाने अर्ध्या स्पंजातून बाहेर पडून पांढऱ्या मोकळ्या नळकांड्यांच्या भोकाभोकांत घरे थाटली होती, आमच्यातल्या एकाच्याही नकळत.

मासे सोडले तसे ते क्षणभर थबकले. मग टाकीतल्या लाकडाच्या आडोशाला एकाने पाठ वळवली आणि त्याच्या कुशीवरून निळी-तांबडी रेघ चमकत गेली. तिला न्यायला आलेला जावई दारात गाडीची किल्ली वाजवत होता. ग्लेनिस काचेवर बोट ठेवून एकेकाला ओळखत होती. वडील मात्र खाली वाकून फिल्टरच्या गढूळ खिडकीत पाहत होते.

"मासे इकडे आहेत, क्लेम," ती म्हणाली.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि तसेच वाकून राहिले.