मोजणीचे तीन दिवस

“बाबूजी, तुम्ही दारातच काहून बसले होते?”

जयवंतानं हे विचारलं तेव्हा गवंडी बायकांच्या मुतारीच्या दारात विटांचा चौथा थर लावत होता आणि आनंदराव नगरपालिकेच्या ऑफिसतर्फे कामावर देखरेख करायला उभे होते. जयवंता चाळिशीची असेल. लकडगंजमागच्या मिरचीच्या गोदामात देठ खुडायची. नाकावर पदर घट्ट बांधलेला, बोटं लालभडक. भांडायला आली असावी म्हणून आनंदरावांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण तिच्या आवाजात भांडण नव्हतंच. खरोखर न कळल्यासारखं तिनं विचारलं होतं.

“मोजाले बसलो होतो, बाई. किती जणी येतात ते. ऑर्डर होती.”

“तुम्ही बसल्यावर कोण येईन जी? बाप्या माणूस दारात वही घेऊन बसला, अन् त्याच्या समोरून आम्ही आत जाऊ? तीन दिवस कळ काढली. म्हटलं, बाबू चहाले उठला की जाऊ. तुम्ही तं उठलेच नाही.”

आनंदरावांना भर मे महिन्यात गार वाटलं. चहाला ते खरंच उठले नव्हते, आणि त्याचाच त्यांना केवढा अभिमान!

झालं होतं असं. १९७४ चा उन्हाळा. ज्या मुताऱ्या फारशा वापरात नाहीत त्या बंद कराव्यात, असं वरच्या उंटावरच्या शहाण्यांच्या मनात आलं. दिवसाला वीसच्या खाली बायका आल्या तर दार बुजवायचं. मोजणीचं काम ताराचंद चपराशाचं. हा गडी असली कामं पानठेल्यावर उभ्या उभ्या उरकायचा. चुना चोळता चोळता कुठं पन्नास लिही, कुठं साठ. आनंदरावांना त्याचा मनस्वी राग. आठ वर्षं टेम्पररी कारकुनी केलेला हा माणूस, अंगावर मिरवायला एकच दागिना, की खोटं लिहायचं नाही. त्यांनी काम स्वतःकडे मागून घेतलं. एकही बाई नजरेतून सुटू नये म्हणून स्टूल टाकलं ते थेट दाराशी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. डबासुद्धा तिथंच, नाकाला रुमाल लावून खाल्ला. स्वतःला लागली तेव्हा समोरच्या भिंतीशी जाऊन आले, तेही मान दाराकडे वळवून.

तीन दिवसांत आकडा आला सात. ताराचंदनं मोजलं असतं तर मुतारी आज उघडी असती. हे मनात आलं आणि आनंदरावांना स्वतःची शरम वाटली.

“बोलतो साहेबांशी,” ते पुटपुटले. जयवंता मान हलवून गोदामाकडे गेली. गवंड्याला थांब म्हणायला एक शब्द पुरला असता. तो काही त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि दुपारपर्यंत भिंत छातीइतकी झाली.

दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले, पण साहेबांपर्यंत नाही, हेडक्लार्क देवरावबाबूंपर्यंत. मोजणीच चुकली असं लेखी देतो म्हणाले. देवरावबाबूंनी चष्मा काढला, दार लोटून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की तुमची कायम होण्याची फाईल याच टेबलावर आहे. ज्याला बाया मोजता येत नाहीत त्याला कायम कोण करेल? हात दाखवून अवलक्षण कशाला? पंधरा दिवस दम धरा, मग हवं ते लिहा.

पंधरा दिवसच तर, असं आनंदरावांनीही मनाला सांगितलं. भिंत काय, पंधरा दिवसांनीही पाडता येते. घरी बायकोला, सत्यवतीला, यातलं काही बोलले नाहीत. तिनं दोन लेकरांच्या शाळेचं सगळं त्या कायमच्या कागदावर बांधून ठेवलं होतं. पण रोज ऑफिसात घागरीचं गार पाणी पिऊन ते मागच्या संडासाकडे निघाले की ती भिंत आठवायची. आपल्याला किती सोपं आहे हे, असं वाटायचं.

सोळाव्या दिवशी हातात ऑर्डर पडली. घरी पेढे आले. सतराव्या दिवशी त्यांनी चुकीची कबुली लिहून दिली, तर उत्तर आलं की ती जागा व्यापाऱ्यांना वजनकाट्यासाठी कधीच देऊन झाली.

जयवंताला तोंड दाखवायला ते मिरचीबाजारात गेले तर ती नव्हती. शेजारी खुडणाऱ्या बाईनं सांगितलं की दवाखान्यात आहे. भिंत झाल्यापासून गोदामातल्या सगळ्याच जणींनी दिवसाचं पाणी पिणं सोडलं होतं. आडोसा तरी कुठं होता, चहूकडे हमाल आणि गाड्या. जयवंताच्या ओटीपोटात दुखायला लागलं, मग लघवीतून रक्त गेलं, मग ताप. डॉक्टर म्हणाला, पाणी पी, भरपूर पी. बाई हे सांगताना देठ खुडायची थांबली नाही.

महिनाभरानं जयवंता कामावर आली. गोदामामागच्या कडुनिंबाखाली ती फडक्यात भाकर घेऊन बसली होती. चेहरा उतरलेला, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आनंदराव समोर जाऊन उभे राहिले.

“बाई, माझं चुकलं.”

“तुमचं काय चुकलं जी?” ती घाईघाईनं उठायला लागली. “तुम्ही तं इमानानं मोजलं. आम्हीच लाजलो.”

आनंदरावांना त्या पंधरा दिवसांचं सांगायचं होतं. तेच तर सांगायला ते आले होते. तोंड उघडलं, पण तिनं इमान हा शब्द काढल्यावर जीभच रेटेना. आपल्यासारखा भेकड माणूस नाही, एवढंच त्यांना कळलं. काहीतरी करायचं म्हणून ते नाक्यावरच्या पाणपोईवर गेले आणि पेला भरून घेऊन आले.

“डॉक्टरनं सांगितलं ना? पाणी प्या.”

बाबूनं स्वतः आणलेलं पाणी. नाही कसं म्हणणार? तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला, कपाळाला लावला आणि भाकरीशेजारी जपून ठेवला.

“पिईन ना जी,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर.”

तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. गोदाम साडेसहाला सुटायचं.