माझ्या दारावरचं गुणवंतचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, पण थंड पाण्याच्या आशेने माझं दार उघडाल तर फसाल. माझी मोटार गेल्या उन्हाळ्यात कायमची बंद पडली. आता माझ्या पोटात पापडांचे डबे, कागदी रुमालांची पाकिटं आणि सुलभाकाकूंचं विणकाम असतं. दुबईच्या उकाड्यात त्या स्वेटर कोणासाठी विणतात, कोण जाणे. फ्रिजला डोळे-कान असले तरी तोंड नसतं. तेच माझ्या आयुष्याचं दुःख आहे, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे माझ्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. ती पट्टी झिजली आणि मीही विसरलो. आठवतं ते दुबईतल्या देरा भागातलं दुकान आणि एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यात तिथे आलेलं एक नवं जोडपं. सुचित्राने माझं दार चार वेळा उघडून बंद केलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घेऊया. आवाज नाही करत." नवरा म्हणजे गुणवंत, एका बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर. करामातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी साडेसात वर्षं राहिलो. पुढच्याच वर्षी शर्वाणी जन्मली, आणि तिच्या दुधाच्या बाटल्यांपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं माझ्या पोटातून गेलं.

गुणवंत फुटबॉल खेळायचा. दुबई-शारजात नोकऱ्या करणाऱ्या आपल्या लोकांची एक शुक्रवारची लीग होती. त्यात आठ संघ होते, आणि कुसैसच्या रेतीच्या मैदानावर सामने व्हायचे. गुणवंत 'पंचगंगा' या संघाचा डावा बचावपटू होता. शुक्रवारी दुपारी तो घरी आला की आधी माझा वरचा कप्पा उघडायचा आणि बर्फाचा ट्रे काढून टॉवेलात गुंडाळायचा. गुडघा सुजला तरी बर्फ, न सुजला तरी बर्फ. त्याच्या डाव्या गुडघ्याची तब्येत डॉक्टरपेक्षा मला जास्त ठाऊक होती.

मग अठ्ठ्याण्णव साल आलं. कंपनीने कुटुंबासाठी दिलेली जागा काढून घेतली. माझ्यासमोर उभं राहून नवरा-बायकोने ठरवलं की सुचित्रा आणि शर्वाणीने कोल्हापूरला जायचं, आणि गुणवंतने सुट्टी संपवून परत येऊन 'सातवा' नावाच्या वस्तीत सहा जणांच्या खोलीत एक बेड घ्यायचा.

शर्वाणी सात वर्षांची होती. ती म्हणाली, "बट बाबा, हू विल कम टू युवर मॅच?"

"भानुदासकाका आहेत की ओरडायला," गुणवंत म्हणाला. "सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी परत येतोय. सीझनच्या आधी."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते तुम्हीही नीट लक्षात ठेवा.

घर मोडायचं तर सामान विकायला हवं. सुचित्राने खालच्या किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली: सोफा, शेगडी, फ्रिज. इथली एक रीत तुम्हाला सांगतो. ज्याने फ्रिज विकायला काढला तो कायमचा गावी निघाला, असं सगळे धरून चालतात. आणि त्याला 'का' म्हणून कोणी विचारत नाही. नोकरी गेली असेल, व्हिसा रद्द झाला असेल, उगाच माणसाला खाली बघायला का लावायचं? लोक येतात, सामान बघतात, किंमत ठरवतात, उचलतात आणि जातात.

तसेच एक दिवस भानुदासकाका आले. ते आणि त्यांची बायको सुलभाकाकू एक मिसळ-जेवणाचं हॉटेल चालवायचे, आणि तिथला फ्रिज बिघडला होता. काका कोल्हापूरचे. ज्या शहरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि हरलेल्या पेठेत दोन दिवस कोणी धड जेवत नाही, त्या शहराचे. स्वतः त्यांनी कधी चेंडूला पाय लावला नसावा, पण मतं मात्र ढीगभर. पंचगंगाच्या कोणत्याही खेळाडूबद्दल, पंचाबद्दल, रेतीबद्दल, वाऱ्याबद्दल ते न अडखळता अर्धा तास बोलू शकत. त्या दिवशी मात्र काका माझ्याकडे बघत नुसते उभे राहिले.

"अडीचशे दिरहम, काका," गुणवंत म्हणाला.

"म्हणजे पावणेतीन हजार रुपये." काकांनी हिशेब केला आणि घासाघीस न करता नोटा दिल्या. जाताना त्यांनी गुणवंतच्या पाठीवर हात ठेवला. "सांभाळून रहा, गुणवंता."

गुणवंतलाही आपण आता बायको-मुलीला पाठवून एका बेडवर राहणार, हे सांगायची लाज वाटली. तो फक्त "हो काका" म्हणाला. दोन मिनिटांचं बोलणं होतं. ते झालं नाही.

हॉटेलात माझा मान मोठा होता, खोटं कशाला सांगू! माझ्या दारावर पंचगंगाचा संघ राहू लागला. काकांनी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवून त्यांच्या आत लोहचुंबकाचे तुकडे चिकटवले होते आणि वर लाल रंगाने एकेकाचं नाव लिहिलं होतं. गेल्या सीझनची चौदा झाकणं माझ्या दारावर लागली. डावीकडे खाली गुणवंतचं झाकण. माझ्या माणसाचं नाव माझ्याच दारावर! मी आठवडाभर खुशीत गुणगुणत होतो.

पण ऑगस्ट संपत आला आणि त्या झाकणांपुढे रोज वाद सुरू झाले. लीगचा नियम असा होता की प्रत्येक संघाने जुन्यांपैकी नऊच खेळाडू ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे. सोडलेल्यांची आणि नव्यांची एक सामायिक यादी व्हायची आणि सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी कप्तान आळीपाळीने त्यातून खेळाडू उचलायचे. अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या कोणीतरी त्याला 'ड्राफ्ट' हा शब्द आणला होता. आणखी एक नियम होता: सोडलेला खेळाडू त्या वर्षी त्याच संघाला परत घेता येत नसे.

पंचगंगाचा कप्तान सत्यजित. शिपिंग कंपनीतला तिशीचा मुलगा, डोक्याने शांत. तो मिसळ खात विचारायचा आणि काका झाकणं सरकवत सांगायचे.

"गोल मारणारे पोत्याने मिळतात रे. अडवणारा मिळत नाही. ड्राफ्टमध्ये पहिली उचल गोलकीपरची करायची. तो शारजाचा अंकुर नको, नुसता केस उडवतो."

"काका, पण गोल कोण मारणार?"

"ऐक की! आधी खायचे बंद कर, मग मारायचं बघू."

शेवटी दहा झाकणं उरली. एक काढायचं होतं. काकांचा हात डावीकडे खाली गेला.

सत्यजित म्हणाला, "गुणवंतला सोडायचं? तुम्हीच म्हणता ना, यादीत पहिलं नाव त्याचं?"

"त्याचंच आहे. पण तो व्हिसा कॅन्सल करून गेलाय. खलास. बायको-पोरीला घेऊन गेला. हा फ्रिज त्याचाच आहे की."

"कन्फर्म आहे? कोल्हापूरला फोन करू का?"

"घर मोडून गेलेल्या माणसाला फोन करून काय विचारणार? तुला टीममध्ये ठेवू का म्हणून? जखमेवर मीठ कशाला चोळायचं!"

सुलभाकाकू गल्ल्यावरून म्हणाल्या, "अहो, विचारायला काय जातंय?"

पण काकांनी झाकण काढलं होतं. मित्रांनो, मी तेव्हा काय केलं माहीत आहे? मोटार इतकी थरथरवली की वरच्या कप्प्यातल्या बाटल्या वाजल्या. काकांनी माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "जुना झालाय लेकाचा." यादी त्याच दिवशी लीगच्या सेक्रेटरीकडे गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी गुणवंत आला. खांद्याला बुटांची पिशवी होती. तो हसत माझ्याजवळ आला, माझ्या दाराची मूठ एकदा धरली, आणि मग त्याची नजर झाकणांवरून फिरली. पहिल्यांदा वरून खाली, मग खालून वर.

काका स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तिथेच थांबले.

"तू... तू परत कसा आलास?"

"मी गेलो कुठे होतो काका? सुट्टीवर होतो. सुचित्रा आणि शर्वाणी गेल्या फक्त."

"मग सांगायचं नाहीस का रे लेका?"

"तुम्ही विचारलंत का?"

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

सुलभाकाकूंनी त्याला बसवलं आणि न विचारता चहा दिला. सेक्रेटरीला फोन झाला. यादी बदलता येणार नव्हती. आता गुणवंतला दुसऱ्या एखाद्या संघाने उचललं तरच तो खेळणार होता. तो खाली बघत म्हणाला, "बाकी दिवस साइटवर जातात, काका. शुक्रवारी मॅच नसली तर खोलीवर कपडे धुवायचे आणि पोरीला फोन करायचा. ती पहिला प्रश्न मॅचचाच विचारते." काकांनी त्याला वचन दिलं, "तुला कुठल्या तरी टीममध्ये घालतो. माझं नाव भानुदास आहे."

ड्राफ्ट हॉटेलातच होता. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर आठ कप्तान दोन टेबलं जोडून बसले. यादीत त्रेपन्न नावं होती आणि प्रत्येक संघाला सहा फेऱ्यांत सहा खेळाडू उचलायचे होते. म्हणजे पाच जण घरी बसणार. खेळाडू सहसा येत नसत, पण गुणवंत आला आणि माझ्या शेजारच्या कोपऱ्यात बसला.

सत्यजितने पहिली उचल गोलकीपरची केली. एरवी काकांनी टाळी वाजवली असती. त्या दिवशी ते प्रत्येक कप्तानाच्या मागे जाऊन वाकत होते. "गुणवंतला घे. डावी बाजू बंद होईल तुझी." एकजण हसून म्हणाला, "काका, अडतीस वर्षं आणि एक गुडघा!" दुसरा म्हणाला, "पंचगंगाने सोडलाय म्हणजे काहीतरी असणारच. आपला उतरलेला माल आमच्या गळ्यात मारू नका." आठ वर्षं काकांनी सगळ्यांशी डावपेच खेळले होते. दुसऱ्यांच्या चांगल्या खेळाडूंना लंगडं ठरवलं होतं, स्वतःच्या लंगड्यांना घोडा म्हटलं होतं. आता पहिल्यांदा ते खरं बोलत होते आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता.

सहावी फेरी आली. शेवटची उचल शारजाच्या संघाची होती. त्यांचा कप्तान श्रीनाथ, भला माणूस. त्याचा उजवा विंगर सहा वर्षं गुणवंतला चुकवू शकला नव्हता. त्याने यादीवर पेन ठेवलं आणि वर पाहिलं.

"काका, सच बताओ. इतना अच्छा है, तो आपने छोडा क्यूं?"

सगळे कप्तान काकांकडे वळले. उत्तर सोपं होतं. त्याने फ्रिज विकला, बायको-मुलीला पाठवलं, तो आता सातव्यात एका बेडवर राहतो, आणि आम्ही न विचारता त्याला गेलेला धरलं. काकांनी तोंड उघडलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं. गुणवंतने मान अगदी थोडी हलवली. नको.

ज्या काकांना अर्धा तास थांबवता येत नसे, त्यांना एक वाक्य बोलता आलं नाही. एवढ्या लोकांसमोर त्याचं घर उघडं कसं करायचं? श्रीनाथने क्षणभर वाट पाहिली. मग त्याचं पेन सरकलं आणि त्याने एका एकवीस वर्षांच्या मुलाचं नाव लिहिलं.

"यल्ला, चला, खतम," कोणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या.

त्या संध्याकाळी काकांनी डब्यातून गुणवंतचं झाकण शोधलं आणि माझ्या दारावर परत लावलं, बाकीच्यांपासून जरा दूर. पुढच्या शुक्रवारी गुणवंत जेवायला आला तेव्हा त्याने ते पाहिलं, काढलं आणि खिशात टाकलं.

"टीममध्ये नसलेलं नाव ठेवू नका, काका. पोरं हसतील."

"पोरीला काय सांगितलंस?"

"खेळतोय म्हणून सांगितलं. मागच्या शुक्रवारी दोन-एकने जिंकलो, असंही सांगितलं."

त्यानंतर तो आला नाही. तरी त्या सीझनभर काका दर शुक्रवारी सकाळी माझ्या बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी भरायचे. दुपारी मॅच संपून संघ जेवून गेला की ते दाराकडे बघत थोडा वेळ बसायचे आणि मग बर्फ मोरीत ओतून द्यायचे. दोन हजार साली कोणीतरी सांगितलं की गुणवंत कायमचा कोल्हापूरला गेला, चार महिने झाले. विकायला त्याच्याकडे काही नव्हतंच, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. फोडणीच्या धुराने माझं दार पिवळं पडलं आहे. लीग बंद झाली तेव्हा काकांनी झाकणं काढली, आणि त्या प्रत्येक झाकणाखाली एकेक पांढरा गोल निघाला. डावीकडे खाली मात्र पिवळंच आहे. तिथे झाकण दोन महिनेच होतं.

मी बंद पडल्यावर भंगारवाला आला होता. काकांनी त्याला परत पाठवलं. आता किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली की काका स्वतः त्या घरी जातात आणि दारातच विचारतात, "काय झालं? कुठे निघालात? राहणार की जाणार?" लोकांना राग येतो. एका बाईने तोंडावर दार आपटलं. काका तरी जातात.

मला निगराणी नको, रंग नको. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या ओळखीचं कोणी घरातला फ्रिज विकायला काढेल, तेव्हा त्याच्या दारात उभे राहा आणि विचारा. त्याला लाज वाटेल, तुम्हालाही वाटेल. पण तो फ्रिज सगळं ऐकून असतो आणि त्याला सांगता येत नाही.