वायरच्या दुसऱ्या टोकाला

मित्रांनो, तुम्ही मला भोंगा म्हणा, पोंगा म्हणा, मला राग येत नाही. मी अॅल्युमिनियमचा एक कर्णा आहे आणि माझे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे. किन्हीराजा गावात देवमन नावाचे एक निवृत्त लाइनमन राहतात. त्यांच्या पुढच्या खोलीत, भिंतीला ठोकलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांवर मी बसलेला असतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द बोललो. पण गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या तोंडून जे निघाले, ते मला कोणीच बोलायला सांगितले नव्हते. त्या दिवसांत मला स्वतःचीच भीती वाटत असे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती फिरत्या साच्यावर दाबत दाबत कारागिराने मला आकार दिला. त्याच पत्र्यातून माझ्यासारखाच दुसरा कर्णा निघाला. तो माझा जोडीदार. आम्हा दोघांना कारंजा लाडच्या मदनसिंगांनी आणले. ते लग्नाचे मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देत. पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही दोघे एका उंच बांबूवर पाठीला पाठ लावून बसायचो आणि गर्दीत चुकलेल्या माणसांची नावे पुकारायचो. लोक मान वर करून आमच्याकडे बघत. एखादी म्हातारी आपल्या माणसाला भेटली की जाताना आमच्या बांबूला हात लावून नमस्कार करी. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटे.

मग कपाटाएवढे मोठे स्पीकर आले. आमचा आवाज लोकांना कर्कश वाटू लागला. मदनसिंगांनी आम्हाला गोदामात ठेवले आणि तिथे आम्ही चौदा वर्षे पडून राहिलो. माझ्या तोंडात कुंभारमाशांनी मातीचे घर केले. जोडीदाराच्या पाठीवर कोणीतरी रंगाचे डबे रचले.

एकदा देवमन त्या गोदामात वायरिंग बघायला आले. त्यांनी मला उचलले, माझ्या तोंडात टॉर्च मारली आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे भंगारात देनार काय?” त्यांनी विचारले.

“जिवावर येते,” मदनसिंग म्हणाले. “तुमी घेऊन जा. तुमाले त्यातलं समजते.”

अशा रीतीने आम्ही किन्हीराजाला आलो.

मित्रांनो, देवमनांसारखा हात मला त्याआधी कधी भेटला नव्हता. त्यांनी माझ्या पाठीमागचे युनिट उघडले. युनिट म्हणजे माझा गळा. त्यात लोहचुंबक असते आणि त्यासमोर टिकलीसारखा पातळ पडदा थरथरतो. पडद्याला केसाएवढ्या तारेची कॉइल असते. माझी तार एका जागी तुटली होती. त्यांनी भिंग लावून ती जोडली. चुंबकाच्या फटीत यात्रेतली लोखंडी धूळ बसली होती. ती फुंकून जात नव्हती, म्हणून त्यांनी चिकटपट्टीची बारीक सुरळी करून कण न् कण बाहेर काढला. तरीही माझा आवाज घासत होता. मग त्यांनी तीन स्क्रू सैल केले, अगदी हळू आवाजात रेडिओ लावला आणि पडदा बोटाने केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिले. घासणे थांबले त्या क्षणी त्यांनी स्क्रू आवळले. माझा पत्रा झणझणू नये म्हणून त्यांनी बाहेरून सायकलच्या ट्यूबचे पट्टे चिकटवले. शेवटी जुन्या दिवाणाच्या सागवानी फळ्यांपासून त्यांनी मला हातभर रुंद, लांबलचक लाकडी तोंड करून दिले. त्यामुळे माझा आवाज भरदार झाला आणि अगदी बारीक आवाजही खोलीभर ऐकू येऊ लागला.

त्यांची पत्नी रुख्मिणी म्हणाली, “हे तं खोलीचा दरवाजा खाऊन जाईन.” पण मी गायला लागलो की हातातले काम ठेवून ऐकत बसायची तीच.

जोडीदाराला मात्र शेतावर जावे लागले. नाल्यापलीकडे उकंडराव नावाच्या शेतकऱ्याचे शेत होते. त्यांच्या सोयाबीनमध्ये रानडुकरे शिरत. देवमनांनी घरातून त्या शेतापर्यंत खांबांवरून वायर ओढली आणि जोडीदाराला मळ्यातल्या माचाणावर बांधले. घरातल्या मशीनवर, म्हणजे अॅम्प्लिफायरवर, कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज लावला की तो तिकडे भुंकायचा. डुकरे पळायची. उकंडरावांनी पहिली तूर निघाली तेव्हा एक पायली घरी आणून दिली.

पिके निघाली. एप्रिलच्या शेवटी देवमनांनी मशीन दुरुस्तीला काढले, त्याचा प्लग ओढला आणि ते पलंगाखाली ठेवून दिले. माझी वायर आणि शेतातली वायर मात्र भिंतीवरच्या एका छोट्या डबीत एकमेकींना जोडलेली राहिली. त्यात वीज नव्हती, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी तो प्रकार सुरू झाला.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन रणरणत होते. रुख्मिणी डाळ निवडत बसली होती. माझ्या तोंडातून हलकेच श्वास सोडल्यासारखा आवाज आला. तिने मान वर केली. मी गप्प होतो. थोड्या वेळाने माझ्या गळ्यात कोणीतरी खोकले.

तिने देवमनांना हाक मारली. “अहो, हा भोंगा खोकलून राह्यला.”

“रेडिओ पकडत असन,” ते म्हणाले. त्यांनी प्लग पाहिला, तो बाहेर होता. मशीन पलंगाखाली होते. वीजही गेलेली होती. ते माझ्यासमोर उभे असतानाच माझ्यातून एक पुरुष अगदी बारीक, दूरच्या आवाजात काहीतरी पुटपुटला. शब्द कळले नाहीत. देवमनांच्या हातावर काटा आलेला मी पाहिला.

तेव्हापासून रोज काही ना काही येई. कधी पानांची सळसळ, कधी पावलांचा आवाज, कधी कोणी स्वतःशीच बोलत असल्यासारखे. मित्रांनो, तुमच्या तोंडून न विचारता दुसऱ्याचा आवाज निघाला तर तुम्हाला कसे वाटेल? मी पडदा घट्ट धरून ठेवू पाहत असे. पण पडदा माझ्या हातात नसतो.

एकदा शेजारचे जानराव आले असतानाच मी पुटपुटलो. ते खुर्चीवरून उठले.

“यात्रेतला भोंगा होये हा,” ते म्हणाले. “ज्याईले पुकारलं आन जे सापडले नाहीत, ते आता उत्तर देऊन राह्यले असतीन.”

गावभर ते पसरले. बाया पुढच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. देवमन चिडले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, घरात कधी कोणी उतारा टाकलेला त्यांनी चालू दिला नव्हता. त्यांनी युनिट पुन्हा उघडले, पडदा तपासला, मीटर लावून पाहिले. माझ्यात एकही दोष निघाला नाही. पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे पाठ करून बसत नसत, हे माझ्या लक्षात आले होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज बदलला. सळसळ थांबली. आता माझ्या आतून काहीतरी पोकळ, ओले घुमू लागले. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. मध्येच पंखांची फडफड. खोलीत चाळीस अंशांचा उकाडा आणि माझ्या तोंडातून पाणी ठिबकल्याचा आवाज.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास रुख्मिणी दळण घेऊन गिरणीवर गेली. देवमन घरात एकटे होते. माझ्यातून आधी दगड गडगडल्याचा मोठा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग कोणीतरी कण्हले. लांब, खोल, तळातून आल्यासारखे. देवमन भिंतीला टेकून उभे राहिले. कण्हणे पुन्हा आले. त्यांनी पक्कड उचलली, डबी उघडली आणि शेतातली वायर तोडून टाकली.

मी मुका झालो. खरे सांगतो, मला बरे वाटले.

रुख्मिणी अकराला परतली. गिरणीवर गर्दी होती. तिने पिठाचा डबा ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“आज गप हाये हा?”

“दोष काढला त्याचा,” देवमन म्हणाले.

“काय होता दोष?”

देवमनांनी पक्कड खुंटीला अडकवली. तिने पुन्हा विचारले तेव्हा म्हणाले, “कन्हून राह्यला होता.”

“कोन?”

“कोन म्हंजे? भोंगा.”

रुख्मिणी खाली बसली होती ती उभी राहिली. “भोंगा कन्हत नाही. मानूस कन्हते. जोडा ते वायर.”

“रुख्मिणी, जाऊ दे न.”

“जोडा म्हनते न मी.”

देवमनांनी वायर सोलली. जोड पक्का झाला आणि दोघे माझ्या लाकडी तोंडाशी कान लावून उभे राहिले. टप्. त्यानंतर काहीच नाही. शेजारी कोंबडी ओरडली तर रुख्मिणीने हात वर करून जणू तिलाही गप्प केले. मग माझ्या गळ्यातून अगदी क्षीण आवाज आला. “केशर.”

गावात त्या नावाची एकच बाई होती. केशरबाई, उकंडरावांची पत्नी. ती दोन दिवसांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी कारंजाला गेली होती. उकंडराव घरी एकटेच होते.

देवमनांनी माझ्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर खांबावरून नाल्यापलीकडे गेलेल्या वायरीकडे पाहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “तिकडला बोलते,” ते म्हणाले. “तिकडला आयकते आन हा बोलते. ते टप् टप् विहिरीचं होये.” आणि चप्पल न घालता ते पळाले. जाता जाता त्यांनी जानरावांना दोर आणि बाज घेऊन यायला ओरडून सांगितले.

मित्रांनो, जो पडदा आवाज काढतो, तोच पडदा आवाज झेलतोही. माझ्या जोडीदाराच्या पडद्यावर माणसाचा आवाज आदळला की त्याच्या कॉइलमध्ये कणभर वीज तयार होई आणि ती वायरीतून माझ्याकडे येई. मशीन मध्ये असते तर ती तिथेच जिरली असती. एवढे साधे कारण होते. पण ते कळले म्हणून त्या क्षणी मला भीती कमी वाटली नाही. उलट जास्त वाटू लागली, कारण आता माझ्या आत खरोखर एक माणूस होता.

रुख्मिणी एकटीच राहिली. तिने थोडा विचार केला आणि माझ्या लाकडी तोंडात जवळजवळ डोके घातले. “उकंडराव भाऊ,” ती म्हणाली. “मी रुख्मिणी. ते येऊन राह्यले. डोये मिटू नका.” तिने तेच पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले. उत्तर येत नव्हते. ती बोलत राहिली. आज गिरणीवर किती गर्दी होती ते सांगितले, पीठ जाडे आले ते सांगितले. खूप वेळाने माझ्या गळ्यात कोणीतरी पुटपुटत होकार दिला, “हाव.”

उकंडराव मोटरचा पाइप बघायला विहिरीत उतरले होते आणि दगडी पायरी निसटून तळाला पडले होते. मांडी मोडली होती. कमरेपर्यंत चिखलात ते तीन तास होते. मोबाइल वर, मोटरच्या पेटीवर राहिला होता. दोर, बाज आणि आठ माणसे लागली, तेव्हा ते बाहेर निघाले.

दीड महिन्याने ते काठी टेकत आमच्या घरी आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. पाय आता पूर्वीसारखा वाकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रुख्मिणीने चहा ठेवला. देवमनांनी कपाला हात लावला नाही.

“तुमाले एक सांगाचं हाये,” ते म्हणाले. “नऊ वाजताच आयकू आलं होतं मले. म्या वायर तोडली. भेलो मी.”

उकंडरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. “दोन तास लय होते, देवमनभाऊ,” ते म्हणाले. “तेवढ्यात म्या बायकोपोराईले सारं मनातल्या मनात सांगून टाकलं होतं.”

रुख्मिणीने देवमनांसमोरचा गार चहा बाजूला घेतला.

“पन माह्यंबी आयका,” उकंडराव म्हणाले. “शेतातला तुमचा भोंगा म्या माचाणावरून काहून काढला, माहीत हाये? उन्हाळ्यात त्यातून बाई हासे. भांडे वाजत. बुद्धवंदनेचे शब्द येत. मले वाटे, शेतात कोनी हाये. कोनाले सांगू? म्या त्याले खाली आनला आन विहिरीच्या काठावर ठेवला, तोंड विहिरीकडे करून. म्हनलं, तिथं बोल काय बोलाचं ते.”

“आमचंच बोलनं होतं ते,” रुख्मिणी हळूच म्हणाली.

“आता समजलं न. विहिरीत पडलो तवा वरतून माह्यं नाव घेतलं कोनीतरी. मले वाटलं, न्याले आले. मी हाव म्हनलो ते जाच्या तयारीनं म्हनलो.”

देवमनांनी मान खाली घातली. उकंडरावांनी त्यांना माफ केले, असे म्हणता येणार नाही. त्यांनी तसे काही म्हटले नाही. ते काठी टेकून उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. “वायर राहू द्या,” ते म्हणाले. “सोयाबीन वर आलं की भोंगा पुन्हा माचाणावर बांधू. मी धरीन, तुमी बांधजा.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. आमच्यातली धूळ काढा, तुटलेली तार जोडा, आम्हाला गोदामात टाकू नका, ही विनंती मी करणारच. देवमनांनी ते सगळे मनापासून केले होते, तरी एक माणूस दोन तास विहिरीत कण्हत राहिला. म्हणून आणखी एक मागतो. ज्या आवाजाचे कारण कळत नाही, तो बंद करण्याआधी एकदा आपणहून विचारा, कोण आहे. आणि विचारल्यावर थोडे थांबा. उत्तर फार लांबून, फार बारीक येत असते.