सेव-उसळीचा साक्षीदार

नागरवाड्यात मला 'हाडमोड वकीलबाई' म्हणतात. म्हणोत बापडे! ज्याला त्याला कर्ज काढून गाडी घ्यायची हौस, चालवायची अक्कल मात्र नाही. मग माझ्याकडे रांग लागणार नाही तर काय? शहाण्णव साली तर बडोद्यात इतक्या नव्या गाड्या आल्या, की माझ्या ऑफिसात प्लास्टरवाल्यांना खुर्च्या पुरेनात. अपघाताच्या भरपाईचे दावे लढवणं हा माझा धंदा, आणि मला तो मनापासून आवडतो.

त्याच वर्षी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या जिजाबाईंना लहरीपुऱ्यात सकाळी सकाळी एका टेंपोने मागे येताना उडवलं. उजवा हात असा मोडला, की लाटणं धरता येईना. टेंपोवाला म्हणे, बाईच न बघता मागे येऊन उभी राहिली. विमा कंपनीने तेच धरून ठेवलं. जिजाबाई बेशुद्ध पडलेल्या, त्यांना काही आठवत नव्हतं. साक्षीदार मिळाला नाही तर दावा गेलाच म्हणायचा, आणि पोळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईने मग करायचं काय?

"एवढा भरलेला बाजार, आणि एकानेही पाहिलं नाही?" सासूबाई जेवताना कडाडल्या. "मेले डोळे घरी ठेवून येतात की काय!" आणि ताक आणायला आत गेल्या.

माझे सासरे, अप्पा, मान खाली घालून दुधी चिवडत होते. स्वतःशीच पुटपुटले, "हॉर्नसुद्धा दिला नाही गाढवाने."

माझा घास हातातच राहिला. जेवणं झाल्यावर त्यांना गॅलरीत गाठलं.

"अप्पा, हॉर्न दिला नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"पेपरात आलं होतं."

"नव्हतं आलं."

"मग हेरंब म्हणाला असेल."

"तुमचा मुलगा त्या दिवशी सुरतेला होता. अप्पा, मी रोज टेंपोवाल्यांची उलटतपासणी घेते. बोला आता."

बोलले बिचारे. रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला म्हणून निघायचे आणि पोचायचे थेट लहरीपुऱ्यातल्या सेव-उसळीच्या गाडीवर. त्या दिवशी टेंपो त्यांच्या डोळ्यांसमोर मागे आला. रिक्षा थांबवून जिजाबाईंना दवाखान्यात त्यांनीच नेलं. आमच्या घरी फोन येण्याआधी अप्पा दवाखान्यात कसे पोचले, हे कोडं मला तेव्हा सुटलं.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. तर पाच वर्षांपूर्वी अप्पांच्या छातीत कळ आली, आणि डॉक्टरांनी तेल, तिखट, फरसाण सगळं बंद केलं. सासूबाई कोल्हापूरच्या. चटणीशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या बाईने दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या ताटातली मिरचीही बंद केली. "एकट्या माणसाला असलं अळणी कसं वाढायचं गं?" म्हणाल्या. पाच वर्षं दोघांचं एकच जेवण. निदान आमचा तसा समज होता.

"तिला कळू देऊ नकोस," अप्पा रडकुंडीला आले. "ओरडली तर ऐकून घेईन गं. पण माझ्यासाठी तिने जिभेला मुरड घातली, आणि मी रोज..."

"आणि जिजाबाई?"

अप्पा कठड्याला टेकले. मग म्हणाले, "घाल माझं नाव साक्षीदारांत."

साक्षीच्या दिवशी सासूबाईंना घरी ठेवायचा मी खूप प्रयत्न केला. उकडतं, गर्दी असते, बसायला जागा नसते. छे! "माझ्या जिजाबाईची केस, आणि मी घरी बसू?" न्यायमंदिरात पोचल्यावर जिजाबाईंना घेऊन अगदी पुढच्या बाकावर बसल्या.

विमा कंपनीचे परीख वकील उलटतपासणीला उठले.

"काका, तुम्ही खात होता. मग लक्ष रस्त्यावर की प्लेटमध्ये?"

"साहेब, उसळीवरची लाल तरी उकळती असते. ती निवेपर्यंत मी रस्त्याकडेच बघत असतो."

"असतो? म्हणजे नेहमी जाता?"

अप्पांनी एकदा पुढच्या बाकाकडे पाहिलं. "रोज."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी दोन प्लेट."

सगळी कोर्टरूम हसली. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. मी हरकत घ्यायला हवी होती, पण घेऊ कशी? परीख जितकं खणत होते, तितका माझा साक्षीदार पक्का होत होता. तिखट किती, सेव किती, गाडीवाल्याचं तोंड कुठल्या दिशेला, अप्पांनी सगळं चोख सांगितलं. माझी केस उभी राहत होती आणि घर खाली बसत होतं. सासूबाई तेवढ्या हसत नव्हत्या. याच साक्षीवर पुढे दावा मंजूर झाला, जिजाबाईंना भरपाई मिळाली. पण त्या दिवशी आम्हाला निकालाची शुद्ध कुठे होती!

बाहेर व्हरांड्यात अप्पा हात जोडून उभे राहिले. "चुकलं माझं."

"खाल्लंत त्याचं काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, आपण दोघं मिळून सोसतोय. मी एकटीच सोसत होते!"

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि तरातरा चालायला लागल्या. लहरीपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. आम्ही दोघं मागे धावतोय.

"आवो काका! रोजनी जेम?" रोजच्यासारखी प्लेट भरायला घेत गाडीवाला ओरडला.

"काकांना नाही, मला द्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि तरी भरपूर ओता."

अप्पा त्यांची पर्स सांभाळत उभे. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. नाक लाल झालं. प्लेट अर्धी झाली तेव्हा अप्पा चाचरत म्हणाले, "अगं, एक घास देतेस?"

"पाच वर्षांनी विचारा," म्हणाल्या, आणि दुसरी प्लेट सांगितली.