चार सऱ्यांचा आडोसा

पुरुषांचं काय, ते मोटरीच्या पाण्याखाली उघड्यावर बसतात आणि राजे होतात. आम्ही बायका बीडहून ऊस तोडायला आलो की आधी आडोसा शोधतो. आडोसा म्हणजे उभा ऊस. त्यातच परसाकड, त्यातच आंघोळ. आणि नशीब असं, की तो आम्हीच तोडायचा.

म्हणून कडेच्या चार सऱ्या शेवटपर्यंत ठेवायच्या, हा आमच्या टोळीतल्या बायकांचा नेम. अठ्ठ्याण्णव साली जयसिंगपूरजवळ विरूपाक्ष मालकांच्या रानात तशाच ठेवल्या होत्या. माझी सून प्रीती उसाच्या पाल्याच्या कोपीत, म्हणजे आमच्या खोपटात, नुकती बाळंत झालेली. कोपीत पाणी ओतलं तर चिखल, आणि त्याच चिखलात बाळ.

मालक आले. "मीनाबाई, ह्यो ऊस काय देवाला सोडलाय व्हय? तोडा की. आज पाचट पेटवायचंय."

"दोन दिस ऱ्हाऊ द्या, मालक. पोरगी ओली बाळंतीण हाय. कुठं न्हाईल?"

"मग माझं रान काय तुमची न्हाणी हाय?"

टोळीतले पुरुष खाली बघत उभे राहिले. माझा नवराही. मालकांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. त्याला बाजूला सारून त्या सऱ्या मी एकटीने तोडल्या. इतक्या संतापाने मी कधी कोयता चालवला नव्हता.

सकाळी कढत पाण्याची घागर घेतली, प्रीतीचा हात धरला आणि थेट मालकांच्या अंगणात गेले. मागोमाग टोळीतल्या बायका. गोठ्यापुढे म्हशी धुवायची फरशी होती, तिच्यावर प्रीतीला बसवलं. बायकांनी भोवती लुगडी धरली.

मालक दात घासत बाहेर आले. "काय चाललंय हे?"

"न्हाणं," मी म्हणाले. "रानात जागा ऱ्हायली न्हाई."

त्यांनी बायकोला हाक मारली. शांतव्वा आक्का आल्या. त्यांनी लुगड्याआड डोकावून प्रीतीकडे पाहिलं. आता शिव्या मिळणार, म्हणून मीही कंबर कसली.

"आवं, तुमी आत जावा," आक्का नवऱ्याला म्हणाल्या. ते आत गेले तशी त्यांनी बाहेरून कडी घातली. मग माझ्यावरच खेकसल्या, "उठीव तिला तिथनं. म्हस हाय व्हय ती? परड्यात न्हाणीघर हाय, तिकडं ने."

प्रीती आत गेली, दार लावून घेतलं. हंगामात दाराआड आंघोळ तिला पहिल्यांदाच मिळत होती. तेवढ्यासाठी बाळंतिणीला गोठ्यापुढे बसवावं लागलं, हा राग माझा अजून गेलेला नाही.

घरातून मालक दार बडवायला लागले. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"बडवू द्या," मी म्हणाले. "पोरीचं न्हाऊन व्हायचंय अजून."