'शंखनगरी'चं शेवटचं रीळ

मी 'शंखनगरी' बोलतोय. बोलतोय म्हणायचं आपलं. जन्माने मी मूकपट, आणि आता इतका दमलोय की मुकं राहणंच बरं वाटतं. पण रत्नागिरीला, मांडवीजवळच्या एका घरात एका दुपारी जे झालं, तेवढं सांगून टाकतो.

माझा जन्म कोकणातलाच. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी लाकडी कॅमेरा आणि पुठ्ठ्याचे राक्षस घेऊन नाटे गावी उतरली. आकाशात उडणारं गलबत, ते हाकणारा तांडेल, समुद्राच्या तळाशी शंखांचं नगर, आणि त्या नगरातली राजकन्या अशी माझी गोष्ट. गलबत तारांवर टांगलं होतं. राजकन्येच्या कामाला आणलेली बाई मात्र पाणी बघूनच गळाठली. तेव्हा बघ्यांतून आनंदी नावाची, एका खारवी मच्छीमाराची मुलगी पुढे आली. "मी मारते उडी," म्हणाली, आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत खडकावरून मारलीसुद्धा.

पडद्यावर तिचं नाव 'मिस तारका' असं लागलं. गावाने मात्र तिचं नाव टाकलं. सिनेमात नाचलेल्या मुलीला कोण करणार? बऱ्याच वर्षांनी रत्नागिरीच्या एका बिजवर खलाशाने तिच्याशी लग्न केलं, तेही घरात सिनेमाचा शब्द काढायचा नाही या अटीवर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे सगळं मी फार उशिरा ऐकलं.

कारण तोवर माझेच हाल चालले होते. बोलपट आले आणि मी ऐन तारुण्यात म्हातारा झालो. काही वर्षं जत्रांमधल्या तंबूंत फिरलो, मग चिपळूणच्या एका थिएटरच्या माळ्यावर पडलो. थिएटर बंद झालं, तरी मी तिथेच. फीत चिकट झाली, कुबट वास सुटला. कोणीतरी माझ्या शेवटच्या रिळाचा डबा उघडला, रीळ उकिरड्यावर फेकलं आणि डब्यात खिळे ठेवले. माणसांना रिकाम्या डब्याचा फार सोस.

एका पुरानंतर गाळ उपसताना लोक माळ्यावरही चढले आणि मी सापडलो. मला प्रयोगशाळेत नेलं, धुतलं, सांधलं, चेहऱ्यावरचे ओरखडे संगणकावर पुसले, मागून नवं संगीत घातलं. शेवटचं रीळ कुठेच मिळालं नाही. मग मला चकचकीत तबकडीवर उतरवलं आणि डीव्हीडी म्हणून विकायला काढलं. तोवर घराघरांतले प्लेयर भंगारात निघाले होते! माझं नशीबच असं. दर वेळी पोचेपर्यंत जत्रा उठलेली.

मला विकत घेतलं मृणालीने. मुंबईत नोकरी करणारी ही मुलगी भिकाजींची नात, आणि भिकाजी आनंदीचा मुलगा. आई गेली तेव्हा ते अगदी लहान होते. घरात तिचा एकही फोटो नाही. 'मिस तारका' हे नाव त्यांना मामाने एकदा हळूच सांगितलं होतं, ते त्यांनी नातीला सांगितलं. माझ्या जाहिरातीत ते नाव दिसताच मृणालीने मला घेतलं, कुठून तरी जुना प्लेयर मिळवला आणि मला त्याच्यासकट रत्नागिरीच्या घरी पाठवलं.

पण भिकाजींनी ऐंशी ओलांडलेली, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. त्यांना दिसत नाही आणि मला आवाज नाही. असे आम्ही दोघे समोरासमोर.

त्यांची सून दीपाली आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. लाल हात पुसून तिने मला सुरू केलं. सतार वाजू लागली.

"बाबा, यातलं तुम्हाला काय कळणार? नुसतं वाजवतायत."

"ते वाजवणं बंद कर गो. तू सांग मला."

तिने आवाज बंद केला. पूर्वी तंबूत पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. तसं कोणी मला किती वर्षांत भेटलं नव्हतं.

"समुद्र आहे. माणसं उभी आहेत. आता एक मुलगी आली खडकावर. सावळी, उंच."

"तोंडवळा सांग."

दीपाली पडद्याजवळ सरकली. "कपाळ मोठं आहे. दात थोडे पुढे. बाबा, ती हसत्ये!"

"हसत्ये?"

"खो खो. तांडेल पाण्यात पडलाय ना, त्याला हसत्ये. डोकं मागे टाकून."

"मी तिला हसताना कधी बघितलं नाय," भिकाजी म्हणाले. "परत लाव."

दीपालीने परत लावलं. परत परत लावलं. मी थकलेला, तरी दर वेळी आनंदीला मनापासून हसू दिलं. रातांबे तसेच पडून राहिले.

पुढे जादूगाराने राजकन्येला शंखात कोंडलं, तांडेलाचं गलबत तिच्या शोधात निघालं, आणि पडदा काळा झाला. त्यावरची ओळ दीपालीने वाचली, "यापुढचा भाग उपलब्ध नाही."

"म्हणजे?"

"हरवलाय, बाबा. पण सोडवलं असेल तिला तांडेलाने. गोष्टीत सोडवतातच."

"नाय सोडवत," भिकाजी म्हणाले. "तांडेल वाट चुकतो. मग ती शंखात बसून गायला लागते. आवाज इतका घुमतो की शंख आपोआप फुटतो. ती वर येते आणि गलबत स्वतः हाकते. तांडेलाला तीच घरी सोडते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आई सांगायची, निजवताना. मला वाटायचं, गोष्ट तिनेच रचलीय."

दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. हात लाल होते, म्हणून तिने खांद्याने पुसलं.

मी विचारात पडलो. अहो, मी मूकपट! माझ्यात कोणी गाण्याने सुटेल, असं दृश्य कोण काढील? मला वाटतं, कंपनीने तांडेलालाच सोडवायला लावलं असणार. शेवट बदलला तो आनंदीने, पुढे कधीतरी, मुलाला थोपटता थोपटता.

तो प्लेयर लवकरच बंद पडला. आता मी टीव्हीखालच्या कपाटात, औषधांच्या डब्यामागे आहे. कंटाळा नाही, नुसता थकवा आहे. तुमच्याकडे एकच मागणं. माझं ते शेवटचं रीळ कुठे सापडलंच, तर कृपा करून मला जोडू नका.