सगळं जोडून

धाकट्या भावाच्या गाडीचं इंजिन ताईने आपल्या वर्कशॉपमध्ये ताकद मोजायच्या यंत्रावर चढवलं. कंपनीच्या कागदावर शंभर हॉर्सपॉवर होती, पण काटा काही केल्या ऐंशीच्या पुढे सरकेना.

"तुझं यंत्रच खोटं!" भाऊ उखडला.

"अरे, कंपनीने मोजलं तेव्हा पंखा, डायनॅमो, सायलेन्सर, काहीच जोडलेलं नव्हतं. मी सगळं जोडून मोजते. रस्त्यावर हीच ताकद मिळते."

भावाचा पारा उतरला. "तूही हल्ली लवकर दमतेस हं, ताई. मी बघ, दिवसभर राबूनही ताजातवाना!"

ताईने तेलकट हात पुसले. अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवायला तिला घरी पळायचं होतं.

"महिनाभर आईला तुझ्याकडे ने," ती म्हणाली. "मग मोजू."